गटवार अकरा

आम्ही पत्र्याच्या दोन खोल्यांत सहा जण राहायचो आणि बाहेर घालून जाण्यासारखा बुटांचा जोड घरात एकच होता. पांढरे कॅनव्हासचे बूट, चुना लावून पांढरे ठेवलेले. लग्नकार्य असेल तर ते आप्पांच्या पायात. रविवारी मात्र माझ्या धाकट्या चुलत्यांच्या पायात, कारण रविवारी चुलते फुटबॉल खेळायचे. मग आप्पा अनवाणी. मला सायकलच्या नळीवर बसवून ते मैदानावर न्यायचे आणि कडेच्या बाभळीखाली काटे चुकवत उभे राहायचे. मला वाटायचं, आप्पांना अनवाणी उभं राहायला आवडतं.

आप्पा दुसऱ्यांच्या उसाला पाणी द्यायचे. पाटाचं पाणी एका सरीतून दुसऱ्या सरीत वळवायचं, फावड्यानं माती ओढून एक दार बुजवायचं आणि दुसरं मोडायचं. आमच्याकडे याला दारं धरणं म्हणतात. आई खुरपायला जायची. भाकरीबरोबरचं कालवण इतकं पातळ असायचं की ताटलीत त्याला बांध घालावा लागे, आणि आई म्हणायची, पातळच चांगलं, भाकरीत मुरतं. आप्पा चौथीपर्यंत शिकलेले, आई शाळेत गेलीच नाही. टीव्ही नव्हता. गावातली फुकटात बघायला मिळणारी एकच गोष्ट म्हणजे रविवारचा सामना.

सणसर आणि भवानीनगरच्या पट्ट्यात फुटबॉल कुठून आला, असं लोक मला आजही विचारतात. इकडे पोरं कबड्डी खेळतात, क्रिकेट खेळतात. फुटबॉल आणला तो कोल्हापूरहून साखर कारखान्यात नोकरीला आलेल्या एका फिटरनं. सगळे त्यांना फिटरमामा म्हणतात. कोल्हापूरच्या माणसाला संध्याकाळी चेंडूला पाय लागल्याशिवाय जेवण जात नाही, असं ते स्वतःच सांगायचे. त्यांनी पोरं जमवली, क्लब काढला, क्लबची रीतसर नोंदणी झाली, सभासद झाले. आणि आमच्या भागात एखाद्या गोष्टीचे सभासद झाले की तिथं पॅनेल येतं, चेअरमन येतो, वार्षिक सभा येते. क्लबचंही तेच झालं.

आप्पा कधी चेंडूला पाय लावायला गेले नाहीत, पण खेळ त्यांना बरोबर कळायचा. ते मैदानाकडे रानासारखं बघत. पाणी मोकळ्या जागेकडं जातं, तसा चेंडूही जातो, असं त्यांचं साधं गणित. आमच्या बचावात फट पडली की ते पुटपुटत, "डावीकडचा बांध फुटतोय." आणि थोड्या वेळानं गोल व्हायचा तो डावीकडूनच. मी फुटबॉल शिकले ती अशी.

पुढे आमचे दिवस बदलले, ते शिक्षणानं. थोरला भाऊ दहावीनंतर ट्रॅक्टरवर गेला, बहिणीचं लग्न झालं, मी मात्र एसटीचा पास काढून बारामतीला कॉलेजला गेले आणि बी.कॉम. झाले. आमच्या घरातली पहिली पदवी माझी. हे मी दहा वेळा सांगते आणि अकराव्यांदाही सांगेन. आता बारामतीत एका वकिलांच्या ऑफिसात कागदपत्रं बघते, नवऱ्याबरोबर जळोचीला राहते, आणि रविवारी दुपारी स्कूटीवरून गावाला जाते. नवरा म्हणतो, माहेरची ओढ आहे. आईला खरं कारण माहीत आहे. ती म्हणते, ही मला भेटायला येत नाही, त्या अकरा उंडग्यांना बघायला येते.

आप्पांचे गुडघे गेले तेव्हा त्यांनी क्लबचं सभासदत्व माझ्या नावावर केलं. भाऊ हसून म्हणाला, घे बाई, मला ते बघून डोकं दुखतं. तेव्हापासून बाभळीखाली आप्पा प्लास्टिकच्या खुर्चीत, पायात चपला घालून, आणि मी शेजारी उभी.

मी सांगणार आहे तो हंगाम गेल्या सालचा. जिल्ह्याच्या वरच्या गटात आठ संघ. प्रत्येकाशी दोनदा खेळायचं, आणि शेवटी जो आठवा येईल तो खालच्या गटात. खालच्या गटात गेलेला गावाकडचा क्लब परत वर येत नाही, हे आम्ही आजूबाजूला पाहिलेलं. चांगली पोरं दुसरीकडे जातात, मग मैदानात शेळ्या चरतात आणि वर्षभरात तिथं कुणीतरी मंगल कार्यालय बांधतं.

पहिली फेरी संपली तेव्हा सात सामन्यांत आम्ही सहा हरलो होतो आणि एक बरोबरीत सुटला होता. तोही पाऊस आला म्हणून.

हरण्याचं कारण मैदानात नव्हतं. आमचा संघ गटवार निवडला जायचा. साखर कारखान्याचे संचालक जसे गटवार निवडतात, अगदी तसा. क्लबचे पाच गट: गावठाण, बाजारपेठ, कॉलनी, रस्त्यापलीकडचे मळे आणि कालव्याकडची आमची वस्ती. प्रत्येक गटाचे दोन खेळाडू, झाले दहा. अकरावा गोलकीपर, आणि तो चेअरमनच्या घरचा. फिटरमामा नावाला कोच. त्यांच्या हातात यादी यायची ती बोर्डाच्या बैठकीतून. मी एकदा त्यांना विचारलं तर म्हणाले, "माझ्या हातात शिट्टी हाय बघ फक्त. ती पण क्लबची."

हे कमी म्हणून बदली खेळाडूसुद्धा गटवार. बारामतीच्या संघाविरुद्ध आमच्या मळ्याकडच्या बचावपटूचा पाय मुरगळला. बाकावर कॉलनीचा एक चांगला बचावपटू बसला होता, पण मळ्याची जागा मळ्यानंच भरायची. म्हणून मळ्याकडचा राखीव फॉरवर्ड बचावात उभा केला. तो बिचारा सवयीनं पुढे पळत राहिला. मागे एवढी मोकळी जागा पडली की आप्पा खुर्चीतून अर्धे उठले. चार गोल खाल्ले. समोरच्या संघाचे लोक आमच्याकडे बघून टाळ्या वाजवत होते, आणि ते जास्त लागलं.

गोलकीपर म्हणजे चेअरमनचा पुतण्या. पोरगा सज्जन, दुधाच्या गाडीवर पहाटे राबणारा. पण चेंडू आला की तोंड फिरवायचा. कुणीतरी ओरडायचं, "त्याला घोंगडं आणा रे, पांघरून बसू दे." आणि खरा गोलकीपर बाकावर. बाजारपेठेतला वेल्डर. शुक्रवारी नमाज झाली की दुकान उघडायच्या आधी सरावाला येणारा. मैदानावरचे दोन्ही गोलपोस्ट त्यानं स्वतःच्या हातानं पाइप जोडून केलेले. पण बाजारपेठेच्या दोन जागांवर दोन दुकानदारांची पोरं होती आणि गोलकीपरची जागा चेअरमनची. त्यामुळे तो दर रविवारी हातमोजे घालून बसायचा आणि सामना संपला की काढून ठेवायचा. मी त्याला म्हटलं, राग येत नाही का. तो म्हणाला, "ताई, पोस्ट तरी माझं हाय. चेंडू त्याला लागून परत येतो तवा मीच अडवला म्हणायचं."

पहिल्या फेरीनंतर क्लबची वार्षिक सभा होती. सभेत ठराव मांडायचा तर आठ दिवस आधी लेखी द्यावा लागतो. मी दिला. एका ओळीचा ठराव: अकरा खेळाडू गटवार न निवडता कोचने निवडावेत. वकिलांच्या ऑफिसात काम करते, म्हणून आधी क्लबची घटना वाचली. गटवारीचा शब्द त्यात कुठंच नाही. मला वाटलं, जिंकलोच आपण. मग हा नियम आला कुठून, ते बघायला मी सेक्रेटरींकडे जुनं प्रोसिडिंग बुक मागितलं. सेक्रेटरी म्हणजे निवृत्त प्राथमिक शिक्षक, गाव त्यांना तात्या म्हणतं. त्यांनी वही दिली ती जरा हसत. तेव्हा ते हसू मला कळलं नाही.

वहीत ठराव सापडला. "संघात प्रत्येक गटास प्रतिनिधित्व मिळावे." खाली लिहिलं होतं, सूचक, आणि पुढं आप्पांचं नाव. शेजारी त्यांची सही. चौथी शिकलेल्या माणसाची, एकेक अक्षर दाबून काढलेली.

मी वही मिटली आणि तशीच घरी आले. आप्पा अंगणात दोरीला पीळ देत बसले होते. मी माझ्या ठरावाचं सांगितलं आणि वहीतल्या सहीचं विचारलं. दोरी वळता वळताच ते सांगू लागले.

सुरुवातीला संघात फक्त गावठाणातली आणि कॉलनीतली पोरं असायची. आमच्या वस्तीतल्या पोरांनी कालव्यात गेलेला चेंडू काढून द्यायचा, एवढंच. माझे चुलते त्या सगळ्यांपेक्षा जोरात पळायचे. फिटरमामांना ते घ्यायचे होते, पण तेव्हाच्या मंडळींनी वस्तीतलं पोरगं नको म्हणून सांगितलं. त्या सालच्या सभेत आप्पा उठून बोलले. आयुष्यात एकदाच सभेत बोलले. कारखान्यात गट चालतात तर मैदानात का न्हाय, असं विचारलं. ठराव मंजूर झाला. चुलते तीन वर्षं खेळले. आमच्या भिंतीवर त्यांचा एक फोटो आहे, पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटांतला. त्या फोटोची मला इतकी वर्षं ऐट होती, आणि ज्या नियमाला मी चार लोकांत हसत होते त्याच नियमानं तो फोटो आमच्या भिंतीवर आला होता.

मी म्हटलं, आप्पा, मी ठराव मागं घेते.

ते म्हणाले, "माझा ठराव मोडायला तुला शिकवलं व्हय मी?" आवाज चढवला नाही. दोरी गुंडाळली आणि आत गेले.

तीन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. मी जळोचीहून फोन करायची, आई उचलायची, आप्पा मागं असले तरी बोलायचे नाहीत. मला खरंच कळेना काय करावं. ठराव मागं घेतला तर क्लब जाणार, हे पहिल्या फेरीवरून दिसतच होतं. मांडला तर आप्पांनी आयुष्यात जाहीरपणे केलेली एकुलती एक गोष्ट मी त्यांच्या डोळ्यांदेखत पुसणार होते. नवऱ्यानं सल्ला दिला की सभेलाच जाऊ नकोस. तो क्रिकेटवाला आहे.

शेवटी तोड आईनं काढली. चौथ्या दिवशी तिचा फोन आला. आप्पांना ती काय म्हणाली, ते तिनं मला जसंच्या तसं सांगितलं. "तुमी ठराव केला तवा मला इचारलं व्हतं का? तिनं निदान घरी येऊन सांगितलं तरी." त्यावर आप्पा जेवताना म्हणाले म्हणे, की वस्तीच्या पोरांना सराव तरी मिळाला पायजे, तेवढं तिला लिवायला सांग.

मुदत अजून होती, म्हणून मी त्याच संध्याकाळी ठरावाला दुसरी ओळ जोडली. सरावाला प्रत्येक गटाची पोरं सारखी घ्यावीत, खेळणारे अकरा मात्र कोचने निवडावेत.

सभा शाळेच्या मैदानात मांडवात होती. समोर सतरंज्या, मागं खुर्च्या, बायका आम्ही तिघी. चेअरमन माणूस वाईट नाही. शेती-अवजारांचं दुकान आहे, क्लबच्या पोरांना दर साली जर्सी त्यांच्याकडूनच. सगळे आबा म्हणतात. आबांनी अहवाल वाचला, त्यात सहा पराभवांचा उल्लेख "अपेक्षित यश आले नाही" एवढाच होता. एकेक विषय वाचला जायचा आणि मागून आवाज यायचा, मंजूर, मंजूर. भजी तळल्याचा वास यायला लागला तसं मंजूर आणखी लवकर यायला लागलं.

माझा ठराव शेवटी होता. तात्यांनी तो घाईघाईत वाचला. मागून सवयीनं दोघंतिघं मंजूर म्हणालेसुद्धा. मग काय मंजूर केलं ते कळलं आणि एकदम गलका झाला. एक जण म्हणाला, "बारामतीला राहायला गेली अन् आता आमाला शिकवती." दुसरा म्हणाला, वकिलाच्या टेबलावर बसून संघ निवडणार का. मी उभी राहिले. बारामतीच्या संघानं चार गोल कसे केले ते सांगायला लागले.

आबा म्हणाले, "ताई, तुमी बसा. गटवारीचा नियम आमी केल्याला न्हाय. तात्या, कुणी मांडला व्हता वाचा जरा."

तात्यांनी वही उघडून आप्पांचं नाव वाचलं. मांडव हसला. बापाचा ठराव पोरगी मोडतीया, असं कुणीतरी म्हणालं आणि पुन्हा हसला. मी मागं वळून बघितलं. आप्पा शेवटच्या रांगेत खुर्चीत बसलेले. ते आलेत, हे मला तोवर माहीतच नव्हतं.

खुर्चीच्या दांड्याला धरून ते उठले. उठायला वेळ लागला, तोवर हसणं थांबलं.

"पाण्याची पाळी सगळ्यांना मिळाली पायजे. आमच्या वस्तीला मिळत नव्हती, म्हणून मी ठराव केला," ते म्हणाले. "पण पाळी सगळ्यांची असली तरी दारं धरायला एकच माणूस लागतो. पाच जण पाच फावडी घिऊन आले तर पाणी रस्त्यावर जातं. तसं झालंय. तिच्या ठरावाला माझं अनुमोदन लिवा."

पहिला "मंजूर" आला तो खेळाडूंच्या रांगेतून, अगदी मोठ्यानं. चेअरमनचा पुतण्या, आमचा गोलकीपर. आबांनी त्याच्याकडे बघितलं. तो खाली मान घालून म्हणाला, "आबा, मला भ्या वाटतं चेंडूचं. दोन वर्सं झाली, सांगायला धीर होत नव्हता." आता हसले ते आबा स्वतः. म्हणाले, मग आधी सांगायचं ना गाढवा, मी तुझ्या आईला शब्द दिला म्हणून उभा करत होतो. ठराव मंजूर झाला. भजी गार व्हायच्या आत.

फिटरमामांनी पहिली यादी स्वतः लिहिली ती शाळेच्या फळ्यावर. गोलमध्ये वेल्डर. आणि आमच्या वस्तीचा एकही नाही. मी यादी दोनदा वाचली. आमच्या दोघांपैकी एकाला मामांनी सांगितलं होतं की तू फॉरवर्ड नाहीस, तुझा पाय अडवायचा आहे, रोज सकाळी ये, तुला डावीकडं तयार करतो. त्याच्या आईनं माझ्या आईशी बोलणं टाकलं. पिठाच्या गिरणीत दोघी शेजारी उभ्या राहायच्या आणि दोन दिशांना बघायच्या. आप्पा मात्र रविवारी खुर्ची घेऊन बाभळीखाली बसले.

लगेच जिंकायला लागलो असं काही झालं नाही. दुसऱ्या फेरीतला पहिला सामना हरलो. पण एकाच गोलनं हरलो, आणि हरतानासुद्धा आमची पोरं एकमेकांकडे चेंडू देत होती. याआधी गावठाणचा गावठाणलाच द्यायचा. मग एक बरोबरी झाली. मग दौंडकडच्या संघाला हरवलं. त्या दिवशी वेल्डरनं उजवीकडे झेप घेऊन चेंडू काढला तेव्हा तो ज्या पोस्टला जाऊन आदळला ते त्याचंच होतं. उठून त्यानं आधी पोस्टचा जोड हातानं तपासला आणि मग खांदा. पुतण्या आता हद्दीबाहेर उभा राहून चेंडू परत फेकायचा आणि सगळ्यांत जास्त ओरडायचा.

शेवटचा सामना इंदापूरला, आठव्या नंबरच्या संघाशी. ते आमच्या एक गुणानं मागं, म्हणजे तोवर सातवे आम्ही आणि आठवे ते. हरलो तर आम्ही आठवे. बरोबरी पुरेशी होती. आप्पांना मी स्कूटीवर मागं बसवून नेलं. वाटेत ते म्हणाले, सावकाश चालव, मॅच तासाभरानं हाय. मग पाच मिनिटांनी म्हणाले, एवढी पण सावकाश नको.

यादीत डावीकडच्या बचावात आमच्या वस्तीचा तो पोरगा होता. तीन महिने रोज सकाळी सरावाला आलेला. त्याची आईही आली होती, आणि इंदापूरला आमच्याशिवाय ओळखीचं कुणी नसल्यानं ती माझ्या शेजारी उभी राहिली. तिनं मला पाण्याची बाटली दिली. मी घेतली.

सामना अतिशय कंटाळवाणा झाला. इंदापूरवाले दीड तास डावीकडून येत राहिले, कारण आमची डावी बाजू कच्ची, हे सगळ्या जिल्ह्याला ठाऊक होतं. पोरगा जागचा हलला नाही. पळायला जागा असूनही पुढं गेला नाही. एकदा तोही चुकला, तेव्हा वेल्डरनं मुठीनं चेंडू बाहेर काढला. आमच्याकडून गोलवर धड एक फटका गेला नाही. इंदापूरचे लोक कंटाळून आधीच गाड्या काढायला लागले. मी आप्पांकडे बघितलं. कुणीतरी दिलेल्या खुर्चीत ते मागं टेकून बसले होते. इतक्या वर्षांत सामना चालू असताना मी त्यांना टेकून बसलेलं पाहिलं नव्हतं.

शिट्टी झाली. शून्य-शून्य.

आठ संघांत आम्ही सातवे आलो. यंदाही वरच्याच गटात खेळतो आहोत.